"पाकिटावर लिहिलेलं असतं की" म्हणणाऱ्यांसाठी

गेल्या पंधरा दिवसांत हा मेसेज मला तीन-चार ग्रुपवर येऊन गेला, आणि शेवटी आमच्या फॅमिली ग्रुपवर न्यू जर्सीच्या मावसदादाने टाकला तेव्हा म्हटलं आता लिहायलाच पाहिजे. मेसेज लांबलचक आहे, सार एवढंच: अमेरिका-कॅनडात गांजा घातलेल्या गोळ्या आणि चॉकलेटं, म्हणजे तिकडे ज्याला एडिबल्स म्हणतात, ती कायदेशीर मिळतात आणि त्यांच्या पाकिटांवरून लोक उगाच आरडाओरड करतायत. एक, पाकिटावर किती एमजी ते स्वच्छ लिहिलेलं असतं, न वाचणाऱ्याची चूक. दोन, रंग आणि चित्रं ही नुसती सजावट, माणूस आतल्या मालावरून ठरवतो. तीन, पोरांनी चुकून खाल्लं तर तो आईबापांचा हलगर्जीपणा, पाकिटं चाइल्डप्रूफ असतात. चार, कॅनडाने पाकिटं एकदम साधी करून बघितली तरी पोरं दवाखान्यात जायची थांबली नाहीत. आणि पाचवा आपला नेहमीचा, आपल्याकडे शिवरात्रीला भांग पितातच की, कुणाला काय झालं.

मी सोळा वर्षं पुण्यात पॅकेजिंग डिझाइनचं काम करते. बिस्किटं, गोळ्या, चिवडा, मधली तीन वर्षं औषधांचे कार्टन. गांजाच्या मालाचं पाकीट मी कधी केलं नाही आणि गांजा कायदेशीर असावा का नसावा ह्यावर मी इथे बोलत नाहीये, त्यावर तुमचं मत काहीही असू दे. पण पाकीट माणसाला काय सांगतं, कसं सांगतं, आणि काय सांगत नाही हे माझं रोजचं काम आहे, आणि त्या बाबतीत हा मेसेज चुकीचा आहे.

आधी तो पहिला मुद्दा घेते कारण बाकी सगळे त्याच्यावरच उभे आहेत.

लिहिलेलं असतं, मान्य. पण तुम्ही दुकानात पारले-जी घेताना नाव वाचता का? तो पिवळा पुडा आणि ती मुलगी दिसली की हात जातो, अक्षरं तर सोडाच. माझ्या आईला इंग्रजी वाचता येत नाही, तरी चहा, साबण, बाम, सगळं बरोबर उचलते, आणि नवीन काही असलं तर आधी हिरवा ठिपका शोधते. पाकीट वाचलं जात नाही, ओळखलं जातं. वाचन झालंच तर नंतर, घरी गेल्यावर, काही बिघडलं तर. आमच्या धंद्यात हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही, म्हणूनच तर क्लायंट पुढच्या बाजूच्या एका पिवळ्या शेडसाठी तीन-तीन वेळा छपाईचा सिलिंडर बदलायला लावतो आणि मागच्या बाजूच्या मजकुराचं प्रूफ मात्र दोन मिनिटांत पास करतो.

दादाने पुरावा म्हणून त्याच्या घरातल्या पाकिटाचा फोटो टाकला होता, कायदेशीर दुकानातून आणलेलं, बघ सगळं लिहिलंय म्हणून. मी तो फोटो ऑफिसमधल्या पोरांना दाखवला, काही न सांगता, हे काय आहे. बहुतेकांनी आंब्याची गोळी म्हटलं, एकीने व्हिटॅमिनच्या गोळ्या म्हटलं. पुढच्या बाजूला आंब्याच्या फोडी, खाली मोठ्या आकड्यात १०० एमजी. मागे वळवल्यावर बारीक अक्षरात की आत १० तुकडे आहेत आणि एका तुकड्यात १०. परिणाम जाणवायला दोन तासांपर्यंत वेळ लागू शकतो ही सगळ्यात महत्त्वाची ओळ होती ती वरच्या बाजूला, फाडायच्या खाचेच्याही वर. म्हणजे पाकीट उघडलं की ती पट्टी कचऱ्यात. दुसऱ्या वेळी गोळी काढणाऱ्याला ती सूचना दिसणारच नाही. कुणी मुद्दाम केलं असेल असं मी म्हणत नाही, डायलाइनवर, म्हणजे पाकिटाच्या कापायच्या-दुमडायच्या आराखड्यावर, जिथे जागा उरते तिथे सूचना टाकतात, मीही सुरुवातीला टाकलेल्या आहेत, पण मग "लिहिलेलं असतं" ह्याला अर्थ काय राहिला?

आता त्या एमजीचं. आपल्या डोक्यात एमजी म्हणजे क्रोसिन ५००, डोलो ६५०. त्या हिशोबाने १० एमजी म्हणजे काहीच नाही असं कुणालाही वाटणार. पण टीएचसी, म्हणजे गांजातला नशा देणारा घटक, त्याचा हिशोबच वेगळा आहे. अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑन ड्रग अब्यूजने २०२१ मध्ये संशोधनासाठी टीएचसीचं एक प्रमाण एकक ठरवलं ते ५ एमजीचं, आणि पहिल्यांदा खाणाऱ्याने त्याच्याही निम्म्याने सुरुवात करावी असं सांगतात. कॅनडात अख्ख्या पाकिटात मिळून १० एमजीच्या वर टीएचसी चालत नाही. अमेरिकेतल्या कोलोरॅडो, कॅलिफोर्निया, वॉशिंग्टन राज्यात एका तुकड्याला १० आणि पाकिटाला १००. म्हणजे कॅनडातल्या व्हँकुव्हरहून गाडी काढून तीनेक तासांत वॉशिंग्टन राज्यातल्या सिएटलला पोचलात की "एक पाकीट" ह्या शब्दाचा अर्थ दहापट होतो, पाकिटाचा आकार मात्र तेवढाच. आकडा छापून हे कसं कळणार सांगा?

आणि ह्यात एक गोष्ट आहे जी मेसेज लिहिणाऱ्याने लक्षातच घेतलेली नाही. दारू तोंडाजवळ नेली की वास येतो, घशाला जळजळ होते, बिडी-सिगरेटचा धूर लागतो, दोन झुरक्यांत कळतं चढतंय का. गोळीचं तसं काहीच नाही. ती आंब्याची लागते आणि तोंडात आंब्याचीच राहते. पोटातून लिव्हरमध्ये गेल्यावर टीएचसीचं ११-हायड्रॉक्सी-टीएचसी होतं, ते जास्त जोरदार, आणि हे सगळं व्हायला अर्ध्या तासापासून दोन तास लागतात, मग ते सहा-आठ तास, कधी त्याहून जास्त टिकतं. म्हणजे जीभ सांगत नाही, नाक सांगत नाही, शरीर दोन तासांनी सांगतं. तोपर्यंत माणसाला सांगणारं फक्त एकच काहीतरी असतं, ते म्हणजे पाकीट. बाकी कुठल्याही खाण्याच्या वस्तूत पाकीट खोटं बोललं तरी जीभ खरं सांगते, खवट चिवडा पहिल्या घासात कळतो, इथे ती सोय नाहीये.

कोलोरॅडोत १ जानेवारी २०१४ पासून दुकानांतून गांजा उघड विकायला लागले. त्याच वर्षी मार्चमध्ये तिथल्या डेन्व्हर शहरात एक १९ वर्षांचा परदेशी विद्यार्थी मित्रांबरोबर आला होता. त्याने घेतलेल्या एका कुकीत ६५ एमजी टीएचसी होतं. दुकानदाराने सांगितलं होतं की सहा तुकडे कर आणि एकच खा. पोराने एक तुकडा खाल्ला, अर्धा-एक तास वाट बघितली, काही झालं नाही, मग उरलेली अख्खी कुकी खाल्ली. काही तासांनी तो हॉटेलच्या गॅलरीतून खाली पडला आणि मेला. अमेरिकेच्या सीडीसी ह्या सरकारी आरोग्य संस्थेने २०१५ मध्ये ह्या केसवर रिपोर्ट काढला. एकोणीस वर्षांचा पोरगा हो. आता तुम्ही म्हणाल त्याला सांगितलं होतं की. सांगितलं होतं, पण हातात जी वस्तू होती ती एक कुकी होती, आणि एक कुकी म्हणजे एका माणसाने एका वेळी खायची वस्तू हे आपल्याला दोन वर्षांचे असल्यापासून माहीत असतं, त्या सवयीपुढे दुकानदाराचं वाक्य किती टिकणार.

त्याच वर्षी जूनमध्ये न्यूयॉर्क टाइम्सच्या मॉरीन डाउड ह्यांनी स्वतःचा अनुभव लिहिला, त्याही डेन्व्हरच्या हॉटेलात चॉकलेट बार थोडा थोडा खात बसल्या आणि मग आठ तास पलंगावर पडून होत्या, आपण मेलोय असं वाटण्यापर्यंत. नंतर त्यांना कळलं की नवख्या माणसाने त्या बारचे सोळा तुकडे करून एक खायचा असतो, आणि ते लेबलवर लिहिलेलंच नव्हतं. ही बाई आयुष्यभर वाचण्या-लिहिण्यावर जगलेली आहे. तिला न वाचणारी म्हणून दोष देणार का?

ह्यानंतर कोलोरॅडोने काय केलं ते बघा. अक्षरं मोठी करा एवढ्यावर थांबले नाहीत. २०१५ पासून १०-१० एमजीचा तुकडा मालावरच वेगळा दिसला किंवा सुटा बांधला पाहिजे असा नियम आला. २०१६ पासून टीएचसीची खूण प्रत्येक तुकड्यावर उठवायची आणि पाकिटावर "कँडी" शब्द वापरायचा नाही, २०१७ पासून माणूस, प्राणी, फळ ह्यांच्या आकाराच्या गोळ्या बंद. लोक वाचत नाहीत म्हणून लोकांना शिव्या देण्यापेक्षा वस्तू बघूनच कळेल असं करा, हा त्यातला विचार आहे आणि तो बरोबर आहे.

दुसऱ्या मुद्द्यावर, म्हणजे रंग-चित्रं नुसती सजावट, मी फार वेळ घालवणार नाही कारण ज्याने कुठलाही धंदा केलाय त्याला हे पटणार नाही. ऑस्ट्रेलियात डिसेंबर २०१२ पासून सिगरेटची सगळी पाकिटं एकाच मळकट शेवाळी-तपकिरी रंगाची केली, छपाईच्या रंगकोडात पँटोन ४४८ सी. आतली सिगरेट तीच. तरी ओढणाऱ्यांना ती आधीपेक्षा कमी दर्जाची आणि कमी समाधान देणारी वाटायला लागली, संशोधनात आलंय हे, आणि कितीतरी जणांनी चव बदलल्याच्या तक्रारी केल्या. फक्त पाकीट बदललं होतं. कॅनडात वॉटर्लू युनिव्हर्सिटीच्या डेव्हिड हॅमंड ह्यांच्या टीमने तरुण लोकांवर गांजाच्या मालाच्या पाकिटांचा असाच प्रयोग केला, ब्रँडचे रंग काढून साधं पाकीट केलं आणि त्यावर इशारा छापला की माल कमी आकर्षक वाटतो. आणि लांब कशाला जायचं, आपल्याकडे गुटख्यावर बंदी येऊन किती वर्षं झाली, २०१२ पासून, तरी पानटपरीवर लटकणाऱ्या चंदेरी पुड्यांच्या माळेत मसाला कुठला, सुपारी कुठली, वेलची कुठली आणि तंबाखू कुठली हे पोरांना लांबून सांगता येतं का? मुद्दामच सारखं ठेवलेलं असतं ते.

ह्याचा एक दुसरा प्रकार मला जास्त त्रास देतो, तो म्हणजे पोरकट भडक पाकीट नसून एकदम सभ्य पाकीट. पांढरं किंवा फिकट हिरवं, मॅट फिनिश, बारीक नाजूक अक्षरं, व्हीगन, ग्लुटेन-फ्री, साखर नाही, नॅचरल. ह्यातलं सगळं खरं असेलही. पण हे शब्द आणि हा कागद आपण प्रोटीन बार आणि व्हिटॅमिनवर बघितलेला आहे, त्यामुळे हात लावल्याबरोबर डोक्यात येतं की हे तब्येतीसाठी आहे, झोपेसाठी आहे, एक जास्त खाल्ली तर काय होणार. भडक पाकिटाला पोरं फसतात, ह्याला चाळीस-पन्नाशीची माणसं फसतात, आणि ह्याच्याबद्दल कुणी बोलत नाही कारण दिसायला ते जबाबदार दिसतं.

आता तिसरा, ज्याच्यासाठी मी खरं म्हणजे लिहायला बसले. आईबापांचा हलगर्जीपणा.

२०२० मध्ये अमेरिकेत युटा राज्यातल्या रॉय नावाच्या गावात एका चर्चमधून गरजू कुटुंबांना खाऊच्या पिशव्या वाटल्या. त्यात नर्ड्स रोप नावाच्या गोळीसारखी दिसणारी पाकिटं होती, टीएचसी घातलेली. कुणीतरी दान दिलेल्या सामानातून ती आली, सामान लावणाऱ्यांच्या हातातून गेली, पिशव्या भरणाऱ्यांच्या हातातून गेली, वाटणाऱ्यांच्या हातातून गेली, आणि पोरांनी खाल्ल्यावर, पोरं दवाखान्यात गेल्यावर कळलं. इतक्या मोठ्या माणसांनी हातात धरून बघितलेली वस्तू आहे ही. लिहिलेलं होतं की त्यावर. पण रंग तोच, अक्षराचं वळण तेच, चित्र तेच, मग डोळा तिथेच थांबतो, पुढे वाचायची गरज आहे असं मेंदूला वाटतच नाही. अशा नकली रोपवर ४००, ६०० एमजी असा आकडा छापलेला असतो. ६०० म्हणजे कोलोरॅडोच्या हिशोबाने ६० माणसांचा डोस, कॅनडाच्या हिशोबाने ६० पाकिटं, आणि हे एका दोरीसारख्या गोळीत जी पोरगं पाच मिनिटांत संपवतं.

इथे लोक म्हणतात ते काळ्या बाजारातलं, त्याचा पाकिटाच्या नियमांशी काय संबंध. संबंध असा की त्या काळ्या बाजाराचा मुख्य माल पाकीटच आहे. असले छापील रिकामे पाऊच ऑनलाइन गठ्ठ्याने विकायला असतात, झिप असलेले, होलोग्रामसारखे चमकणारे, वर आकडा आधीच छापलेला. आत काय भरायचं ते घेणारा ठरवणार. माझ्यासारखीला हे वाचून पोटात गोळा येतो, कारण आम्ही मजकूर छापताना आतल्या मालाचा लॅब रिपोर्ट मागतो आणि इथे आकडा आधी छापला जातो आणि माल नंतर येतो. म्हणजे "एमजी लिहिलेलं असतं" हा पहिला मुद्दा इथे पुन्हा पडतो, तो आकडा कुणी मोजलेलाच नाही.

कंपन्यांना स्वतःला हे नीट कळतं. चॉकलेटवाल्या हर्शीने २०१४ मध्येच कोलोरॅडोतल्या एका उत्पादकाला कोर्टात खेचलं, रिगलीने २०२१ मध्ये त्यांच्या स्किटल्स गोळ्यांची नक्कल करणाऱ्यांवर केस टाकली. जुलै २०२३ मध्ये अमेरिकेच्या एफटीसी (व्यापारावर लक्ष ठेवणारी संस्था) आणि एफडीए (अन्न-औषध खातं) ह्यांनी मिळून सहा कंपन्यांना पत्रं पाठवली, डोरिटोज, चीटोज, नर्ड्स ह्या चिप्स-गोळ्यांसारख्या दिसणाऱ्या पाकिटांत डेल्टा-८ टीएचसी, म्हणजे टीएचसीचाच एक भाऊबंद, विकतात म्हणून, पुढच्या वर्षी परत पाठवली. हे डेल्टा-८ काही सगळं लपूनछपून विकलं जात नव्हतं, २०१८ च्या त्यांच्या फार्म बिलात, म्हणजे शेतीच्या कायद्यात, हेंपला (अगदी कमी टीएचसी असलेलं गांजाचंच झाड) मोकळीक मिळाली आणि त्या पळवाटेतून हे पेट्रोल पंपावरच्या दुकानात चिप्सच्या शेजारी येऊन बसलं. तिथे आपली किती मराठी पोरं शिकायला आणि नोकरीला आहेत, रात्री गाडीत पेट्रोल भरताना काहीतरी तोंडात टाकायला घेतात, त्यांना आईबाप नसतात बरोबर.

आकडे बघा. एफडीएने जून २०२२ मध्ये सांगितलं की १ जानेवारी २०२१ ते ३१ मे २०२२ ह्या सतरा महिन्यांत तिथल्या विषबाधा केंद्रांकडे फक्त टीएचसीच्या खाद्यपदार्थांच्या १०,४४८ केसेस आल्या, त्यातल्या ७७ टक्के १९ वर्षं किंवा त्याखालच्या. सहा वर्षांच्या आतल्या मुलांचा वेगळा अभ्यास पीडियाट्रिक्स ह्या जर्नलमध्ये २०२३ च्या सुरुवातीला आला, २०१७ मध्ये २०७ केसेस आणि २०२१ मध्ये ३,०५४. ह्या काळात राज्यंही वाढली जिथे माल कायदेशीर आहे, म्हणजे सगळा दोष पाकिटाचा नाही, ते मी म्हणत नाहीये. पण ह्यातल्या जवळजवळ सगळ्या, ९७ टक्के, घरातच घडल्या. मेसेजवाले म्हणतील बघा घरातच, म्हणजे आईबाप. मी म्हणते घरातच, म्हणजे जिथे पोर रोज गोळ्यांचं पाकीट ओळखायला शिकतं तिथे. तीन वर्षांच्या पोराला आपणच शिकवलेलं असतं की चमकणारं, रंगीत, कुरकुर वाजणारं पाकीट म्हणजे खाऊ.

आणि ते चाइल्डप्रूफ. असा काही प्रकार नसतो, शब्द आहे चाइल्ड-रेझिस्टंट, म्हणजे मुलांना उघडायला अवघड. अमेरिकेत १९७० च्या कायद्याप्रमाणे ह्याची टेस्ट होते, साधारण साडेतीन ते सव्वाचार वर्षांच्या मुलांना ते पाकीट देतात, आधी नुसतं, मग उघडून दाखवून, एकूण दहा मिनिटं. त्यातल्या ८० टक्के मुलांना उघडता आलं नाही की पास. म्हणजे पाचातल्या एका पोराने उघडलं तरी पाकीट पास होतं. त्या कायद्याने ॲस्पिरिनसारख्या औषधांतून होणारे मृत्यू खरंच खूप कमी केले, ती टेस्ट वाईट नाही, पण तिचा हेतू थोडा वेळ मिळवून देणं एवढाच आहे. मी औषधांच्या कार्टनवर काम करत होते तेव्हा आमचे सर सांगायचे, झाकण दहा मिनिटं थांबवतं, पण पोराला मुळात उघडावंसं वाटू नये हे तुमच्या हातात आहे. औषधाचं पाकीट कंटाळवाणं असतं ते कुणाला डिझाइन येत नाही म्हणून नाही. ह्या गोळ्यांच्या पाकिटावर मात्र बाहेरून ये ये म्हणायचं आणि झाकणाने नको नको म्हणायचं, आणि भांडण पोराच्या बोटांवर सोडून द्यायचं.

आईबापांनी कुलपात ठेवावं का? ठेवावंच. पण त्यांच्याही डोळ्यांना जे गोळीचं पाकीट दिसतं ते त्यांच्याही हाताने गोळ्यांच्याच डब्यात जातं, विशेषतः पाहुणे आले, आजी-आजोबा भारतातून सहा महिन्यांसाठी आले, घर आवरायला लागले. दादाच्या घरी मावशी दर वर्षी जाते आणि पोचल्या दिवशीच त्याचं किचन लावायला घेते. तिला ते पाकीट काय दिसणार आहे?

चौथा मुद्दा कॅनडाचा, आणि हा एकच मुद्दा असा आहे की ज्यात दम आहे, म्हणून नीट बघू. कॅनडात ऑक्टोबर २०१८ ला गांजा कायदेशीर झाला, खायच्या मालाचे नियम ऑक्टोबर २०१९ ला आले आणि माल त्या वर्षाच्या शेवटी दुकानात आला. पाकीट एकरंगी, चित्र नाही, लाल अष्टकोनी खूण, पिवळ्या चौकटीत इशारा, पाकिटात १० एमजीची मर्यादा. आणि तरी लहान मुलांचं दवाखान्यात भरती होणं वाढलं, हे खरं आहे. पण हे ज्या अभ्यासात आलं, न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये २०२२ ला, तोच पुढे वाचा. त्यात चार मोठे प्रांत घेतलेत. ऑन्टारियो, अल्बर्टा, ब्रिटिश कोलंबिया इथे गोळ्या आणि चॉकलेटं चालतात. क्युबेकने ती येऊच दिली नाहीत, गोड खाऊसारखा दिसणारा माल तिथे कायदेशीर दुकानात मिळत नाही. पाकिटाचे नियम चारही ठिकाणी तेच. आणि वाढ त्या तीन प्रांतांत क्युबेकपेक्षा कितीतरी जास्त.

ह्याचा अर्थ पाकिटाने फरक पडत नाही असा कसा निघतो? ह्याचा अर्थ असा की पाकीट फाडून गोळी हातात आली की गोळी स्वतःच पाकीट होते. रंग, आकार, साखरेचे कण, सगळं तेच बोलतं जे आधी पाऊच बोलत होता. वाटीत काढून ठेवलेली अस्वलाच्या आकाराची गोळी कुठल्या ब्रँडची आहे, कुठल्या नियमात बसते, हे कोण ओळखणार? कॅनडाने बाहेरचं वेष्टण गप्प केलं आणि आतली वस्तू बोलत राहिली, क्युबेकने दोन्ही गप्प केली. माझ्या मते क्युबेक बरोबर आहे. त्यामुळे जे ग्राहक आहेत त्यांना काही लोक म्हणतात तसं बेकायदेशीर मालाकडे ढकलल्यासारखं होतं, ही तक्रार मला माहीत आहे आणि ती अगदीच पोकळ नाही, पण तीन वर्षांच्या मुलाच्या बाजूने बघितलं तर मला क्युबेकचंच पटतं.

आणि आता भांग. हा मुद्दा आला की आपली माणसं एकदम छाती पुढे काढतात. शिवरात्रीची किंवा होळीची ठंडाई आठवा जरा. ती कुठल्या पाकिटात येत नाही. ठराविक दिवस असतो, ठराविक घर किंवा मंडळ असतं, वाटणारा माणूस ओळखीचा असतो, तो पोरांना हाकलतो, नवख्याला अर्धाच ग्लास देतो, आणि कुणीतरी म्हातारा कोपऱ्यातून सांगत असतो की आत्ता काही वाटणार नाही, थांब, दुसरा घेऊ नकोस. तो म्हातारा म्हणजे लेबल, तो दिवस म्हणजे इशारा, आणि तेही असूनसुद्धा होळीच्या रात्री लोक दवाखान्यात जातातच, कुणाला काही होत नाही हे खरं नाही. ह्यातलं सगळं काढून टाकून नुसता माल आंब्याच्या गोळीत घातला आणि कुरिअरने पाठवला तर ती परंपरा राहत नाही हो, तिचा सगळ्यात शहाणा भाग आपण वगळलेला असतो.

शिवाय कायदा. १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे आपल्या अमली पदार्थांच्या कायद्यात झाडाचा फुलोऱ्याचा शेंडा म्हणजे गांजा आणि राळ म्हणजे चरस हे गुन्ह्यात येतात, नुसती पानं आणि बिया येत नाहीत, म्हणून भांग राज्यांच्या नियमांवर सोडलेली आहे. थायलंडने जून २०२२ मध्ये गांजा मोकळा केला, आता परत आवळलाय, पण मधल्या काळात आपल्याकडची किती माणसं बँकॉक-पटायाला जाऊन आली, आणि तिथल्या दुकानातलं ते सुबक, सरकारी छापील दिसणारं पाकीट बघून सगळ्यांना वाटलं की हे म्हणजे ड्यूटी फ्री चॉकलेटसारखंच. पाकिटाचा सभ्यपणा बॅगेत येतो, तिथला कायदा येत नाही. आणि वर छापलेल्या १० एमजीवर विसंबू नका, गुन्हा किती मोठा हे ठरवताना अमली पदार्थाच्या मिश्रणात इतर मालाचंही वजन धरायचं असं सुप्रीम कोर्टाने एप्रिल २०२० मध्ये सांगितलेलं आहे. मालाडच्या एका बेकरीवर जून २०२१ मध्ये एनसीबीने धाड घातली तेव्हा बातमीत आकडा आला तो ब्राउनीच्या वजनाचा, ८३० ग्रॅम.

आपल्याकडे ह्यात अजून एक गोंधळ तयार होतोय आणि तो मला आमच्या धंद्यातून रोज दिसतो. ते गांजाचं सात बोटांचं हिरवं पान. एफएसएसएआयने, म्हणजे आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, नोव्हेंबर २०२१ मध्ये हेंपच्या बिया, तेल, पीठ खाण्यात वापरायला परवानगी दिली, त्यात नशा नसते, उत्तराखंडात तर भांगेच्या बियांची चटणी घरोघरी खातात. दुसरीकडे आयुषच्या लायसनवर विजया (आयुर्वेदातलं भांगेचं नाव) म्हणून पानांचा अर्क घातलेला माल ऑनलाइन मिळतो, त्याला वैद्याची चिठ्ठी लागते. आणि दोन्हीच्या पाकिटावर पुढे तेच पान, तोच हिरवा, तेच "नॅचरल". एक माणूस बियांचा लाडू खाऊन म्हणतो काहीच होत नाही, आणि पुढच्या वेळी तेच पान बघून दुसरं पाकीट तसंच खातो. शाकाहारी-मांसाहारी सांगायला आपण एक ठिपका केला जो माझ्या न वाचणाऱ्या आईलाही कळतो, चिठ्ठीच्या औषधांना लाल रेघ केली, सिगरेटच्या पाकिटाचा ८५ टक्के भाग फोटो आणि इशाऱ्याने झाकला. ह्या मालाला मात्र पान सोडून काही नाही, आणि ते पान काय सांगतं हे ते छापणाऱ्यालाही माहीत नसतं. गेल्या महिन्यात माझ्याकडे एक क्लायंट असंच पान घेऊन आला होता, बियांची चटणी करतो, माल एकदम चांगला, स्वच्छ. मी त्याला म्हटलं पान काढ, चटणीची वाटी दाखव, बिया दाखव. तो म्हणाला ताई, पान काढलं तर कोण उचलणार.